ब्रोअख : एका आयरिश स्थलनामाची व्युत्पत्ती आणि इतिहास

स्थलनामांचा अभ्यास हा भाषाविज्ञान, इतिहास आणि साहित्य या तीन विद्याशाखांच्या सीमेवरचा विषय आहे. भाषाभ्यासक नावात जुन्या ध्वनींचे आणि शब्दांचे अवशेष शोधतो; इतिहासकार त्यात वसाहतीचा, मालकीचा व महसुलाचा माग काढतो; साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यापुढचा एक प्रश्न पडतो. ज्या भाषेत नाव जन्मले ती भाषा त्या भूमीवरून नाहीशी झाल्यावर नाव अर्थपूर्ण राहते की केवळ खूण म्हणून उरते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आयर्लंडइतके उपयुक्त क्षेत्र क्वचितच आढळेल. तेथील बहुसंख्य स्थलनामे मूळची आयरिश आहेत. ती लिहिली जातात इंग्रजी लिपिसंकेतांनुसार. आणि ती उच्चारणाऱ्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा इंग्रजी आहे. प्रस्तुत लेखात उत्तर आयर्लंडच्या डेरी (लंडनडेरी) काउंटीतील 'ब्रोअख' या एका लहान टाउनलँडचे नाव केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाची मांडणी केली आहे. शेमस हीनी या कवीने (१९३९-२०१३) १९७२ च्या 'विंटरिंग आउट' या संग्रहात या नावावर कविता लिहिली, म्हणून ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु कवितेच्या आधी नाव होते, आणि नावाच्या आधी नदीचा काठ होता. विवेचनाचा क्रमही तोच ठेवणे युक्त ठरेल.

१. टाउनलँड : स्वरूप

'टाउनलँड' या शब्दातील 'टाउन'चा शहराशी संबंध नाही. आयरिश भाषेत या घटकाला 'बाल्य फॅरन' म्हणजे 'भूमीचा वसतिघटक' अशी संज्ञा आहे. आयर्लंडमधील भूविभागांच्या उतरंडीतील हा सर्वांत लहान अधिकृत घटक होय. अनेक टाउनलँड मिळून एक पॅरिश, अनेक पॅरिश मिळून एक बॅरनी, बॅरनींची काउंटी आणि काउंटींचा प्रांत अशी ही रचना आहे. संपूर्ण बेटावर अशा घटकांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. त्यांचे क्षेत्रफळ एकसारखे नाही. काही टाउनलँड एक-दोन एकरांचे, तर डोंगराळ भागातील काही हजारो एकरांचे आहेत. सरासरी सुमारे सव्वातीनशे एकर मानली जाते.

या विषमतेचे कारण घटकाच्या उत्पत्तीत आहे. टाउनलँड हे मोजणीदाराने नकाशावर आखलेले चौकोन नव्हेत. गेलिक सरदारांच्या काळात भूमीची विभागणी तिच्या उत्पादनक्षमतेवर, म्हणजे ती किती गुरे पोसू शकेल किंवा किती खंड देऊ शकेल यावर होत असे. अल्स्टर प्रांताच्या मोठ्या भागात अशा घटकाला 'बाल्य बो' म्हणजे 'गाईची भूमी' असे नाव होते. जमीन सुपीक तेथे घटक लहान आणि खडकाळ किंवा दलदलीची तेथे मोठा, हे त्यामुळे स्वाभाविक ठरते. सीमाही बहुधा निसर्गाने दिलेल्या असत : ओढा, नदीचे पात्र, दलदलीची कड, टेकडीचा माथा. एखादा टाउनलँड म्हणजे गावठाण असलेले गाव असेलच असे नाही. त्यात विखुरलेली चार-सहा शेतघरेच असतात, कधी एकही घर नसते. तरीही त्याला नाव असते, सीमा असतात आणि त्या सीमा शेजाऱ्यांना तोंडपाठ असतात.

पॅट्रिक कॅव्हनाघ (१९०४-१९६७) या मोनॅहन काउंटीतील शेतकरी-कवीने टाउनलँडच्या हद्दीवरील भांडण हा काव्याचा विषय केला आणि 'पॅरिशनिष्ठ' व 'प्रांतिक' अशा दोन वृत्तींमध्ये भेद केला. प्रांतिक वृत्तीचा माणूस महानगराकडे पाहून आपले मत ठरवतो. पॅरिशनिष्ठ माणसाला आपल्या छोट्या भूमीच्या महत्त्वाविषयी शंका नसते. हीनीच्या स्थलनामविषयक कवितांची वैचारिक पार्श्वभूमी समजण्यास हा भेद उपयोगी पडतो.

२. नावाची व्युत्पत्ती

ब्रोअख हा टाउनलँड मोयोला नदीच्या परिसरात, लॉखिनशोलिन या बॅरनीत आहे. मोयोला स्पेरिन पर्वतरांगेत उगम पावून लॉख नेय या विशाल सरोवरास मिळते. बॅरनीचे नावही अर्थपूर्ण आहे : 'ओ'फ्लिन कुळाच्या बेटाचे सरोवर' असा त्याच्या मूळ आयरिश रूपाचा अर्थ होतो. एका कुळाचे पाण्यातील ठाणे आज एका बॅरनीच्या नावात उरले आहे.

'ब्रोअख' हे आयरिश 'ब्रूअख' या शब्दाचे इंग्रजी लेखनातील रूप आहे. 'ब्रूअख' म्हणजे काठ, तीर, कड. नदीकाठच्या भूमीस 'काठ' असे नाव मिळावे यात आश्चर्य काही नाही. आयरिश स्थलनामांत अशी वर्णनपर नावे मोठ्या संख्येने आहेत : 'क्नॉक' म्हणजे टेकडी, 'ड्रम' म्हणजे लांबट उंचवटा, 'डेरी' म्हणजे ओकवृक्षांची राई, 'अथ' म्हणजे नदीचा उतार, 'गॉर्ट' म्हणजे लागवडीचे शेत. पुष्कळ नावांत अशा सामान्यनामाला व्यक्तिनामाची किंवा विशेषणाची जोड असते. 'ब्रोअख'मध्ये ती जोड नाही. एकच पद, एकच वस्तू. ज्यांच्यासाठी काठ एकच होता त्या लोकांनी दिलेले हे नाव आहे, 'कोणता काठ?' हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

ही व्युत्पत्ती सोपी दिसते, परंतु आयरिश स्थलनामांच्या बाबतीत सोपेपणा फसवा असतो. इंग्रजी लेखनात मूळचे अनेक भिन्न शब्द एकाच रूपात कोसळलेले आहेत. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'किल' हे आद्यपद. ते 'किल्य' म्हणजे लहान चर्च या शब्दापासून आलेले असू शकते, किंवा 'कॉइल्य' म्हणजे वन या शब्दापासूनही. केवळ नकाशावरील अक्षरे पाहून त्या ठिकाणी भिक्षूंचा मठ होता की झाडी, हे सांगता येत नाही. 'ब्रोअख'च्या जवळचाही एक शब्द आयरिशमध्ये आहे : 'ब्रू' म्हणजे वाडा किंवा निवासस्थान. बॉइन नदीकाठच्या न्यूग्रेंज येथील प्रागैतिहासिक समाधीस्थानाचे प्राचीन नाव याच शब्दाने बनलेले आहे. मग मोयोलाकाठचे 'ब्रोअख' हे 'वाडा' नसून 'काठ' आहे, हे कशावरून ठरवावयाचे?

यासाठी अभ्यासकांनी घालून दिलेली पद्धती तीन प्रकारच्या पुराव्यांवर उभी आहे. पहिला पुरावा लेखी रूपांचा : नावाची जितकी जुनी लेखी रूपे मिळतील तितकी कालक्रमाने मांडून ध्वनी कसा बदलत गेला ते पाहावयाचे. दुसरा पुरावा उच्चाराचा : स्थानिक रहिवासी नाव कसे उच्चारतात, आघात कोठे देतात, शेवटचा व्यंजनध्वनी कोणता, हे ऐकावयाचे. तिसरा पुरावा भूमीचा : अर्थ आणि भूरचना यांचा मेळ बसतो की नाही हे प्रत्यक्ष तपासावयाचे. पी. डब्ल्यू. जॉइस यांनी 'द ओरिजिन अँड हिस्टरी ऑफ आयरिश नेम्स ऑफ प्लेसेस' या ग्रंथाच्या पहिल्या भागात (१८६९) स्थानिक उच्चार आणि जुनी हस्तलिखिते यांना प्रमाण मानण्याची जी शिस्त पुरस्कारिली ती आजही मूलतः ग्राह्य आहे. 'ब्रोअख'च्या बाबतीत नदीचे सान्निध्य आणि अंत्य घर्षक ध्वनी ही दोन्ही अंगे 'ब्रूअख' या शब्दाकडेच निर्देश करतात.

३. तीन भाषांची भूमी

सतराव्या शतकाच्या आरंभी या भूमीचा राजकीय आणि भाषिक नकाशा बदलला. १६०७ मध्ये अल्स्टरमधील गेलिक सरदारांनी देश सोडला. त्यांच्या जमिनी ब्रिटिश राजसत्तेने जप्त केल्या आणि १६०९ पासून तेथे इंग्लंड व स्कॉटलंडमधील वसाहतकऱ्यांना आणून बसविण्याची योजना अमलात आली. १६१३ च्या सनदेने नवी काउंटी निर्माण झाली. पूर्वी टायरोनमध्ये असलेली लॉखिनशोलिन बॅरनी तीत समाविष्ट करण्यात आली. काउंटीतील जमिनी लंडनमधील व्यापारी संघांना वाटून देण्यात आल्या. 'डेरी' या आयरिश नावाच्या मागे 'लंडन' हे पद त्याच काळात जोडले गेले. या जोडपदावरून निर्माण झालेला वाद चार शतकांनंतरही मिटलेला नाही. बोलणारा कोणते नाव वापरतो यावरून त्याचा राजकीय कल ओळखला जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. राजसत्तेने काउंटीचे नाव बदलले, परंतु टाउनलँडांची नावे बहुतांशी तशीच राहिली. याचे कारण उदारपणा नसून सोय हे होते. जप्त केलेल्या जमिनी कोणाच्या, किती आणि कोठे हे सांगणारी एकमेव यादी म्हणजे स्थानिक लोकांच्या तोंडची नावे होती. मालकी हस्तांतरित करण्यासाठी मालमत्तेचे नाव टिकवणे भाग होते. इंग्रज लेखनिकांनी ही नावे कानाने ऐकली आणि आपल्या लिपिसंकेतांनुसार लिहिली. एकच नाव वेगवेगळ्या दस्तांत चार-पाच प्रकारे लिहिलेले आढळते ते त्यामुळे. नावांचे आंग्लीकरण हे एकोणिसाव्या शतकातील नकाशाकारांचे काम नसून त्याची सुरुवात दोनशे वर्षे आधी, महसुली दस्तांच्या पानांवर झालेली होती. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

वसाहतकऱ्यांबरोबर दोन भाषा आल्या : इंग्रजी आणि स्कॉट्स. आयरिशच्या जोडीने या दोन्ही भाषांचे थर मोयोलाच्या खोऱ्यात बसले. हीनीचे बालपण ज्या शेतघरात गेले त्याचे 'मॉसबॉन' हे नाव या थरांचा उत्तम नमुना आहे. हीनीने स्वतःच १९८० च्या 'प्रीऑक्युपेशन्स' या गद्यसंग्रहात त्याची चिकित्सा केली आहे. 'मॉस' हा स्कॉट्स वसाहतकऱ्यांनी आणलेला, दलदलवाचक शब्द. 'बॉन' ही इंग्रज वसाहतकऱ्यांनी आपल्या तटबंद शेतघरांना दिलेली संज्ञा. पण गावातील लोक नावाचा उच्चार किंचित वेगळा करीत, आणि त्या उच्चारात आयरिश 'बान' म्हणजे 'पांढरा' हा शब्द ऐकू येतो. मग 'दलदलीतले वसाहतकऱ्याचे तटबंद घर' हा अर्थ घ्यावयाचा, की 'पांढऱ्या कापूसगवताने फुललेली दलदल' हा? एका नावात जेता आणि जित दोघेही राहतात. हीनीला ही संदिग्धता सोडवावयाची नाही. तिच्यात त्याला स्वतःच्या सांस्कृतिक स्थितीचे रूपक दिसते.

४. ऑर्डनन्स सर्व्हे आणि नावांचे प्रमाणीकरण

१८२४ मध्ये आयर्लंडच्या संपूर्ण सर्वेक्षणाचा निर्णय झाला. त्यामागचे कारण कराचे होते. काउंटीचा स्थानिक कर टाउनलँडनिहाय वसूल होई. पण टाउनलँडांचे क्षेत्रफळ व मूल्य यांच्या जुन्या नोंदी अविश्वसनीय असल्याने करभार विषम पडत असे. त्यासाठी प्रत्येक टाउनलँडची सीमा एका मैलास सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर दाखविण्याचे ठरले. सर्वेक्षणाचे नेतृत्व थॉमस कोल्बी याच्याकडे होते, तर डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील कार्यालयाचा कारभार १८२८ पासून थॉमस लार्कम पाहत असे. सर्वप्रथम प्रसिद्ध झालेले नकाशे डेरी काउंटीचे होते (१८३३). संपूर्ण बेटाचे नकाशे १८४६ पर्यंत पूर्ण झाले.

या कामाचा भारताशी एक प्रत्यक्ष दुवा आहे. सर्वेक्षणाची आधाररेषा १८२७-२८ मध्ये डेरी काउंटीतच, लॉख फॉइलच्या किनाऱ्यावर मोजली गेली. तापमानामुळे धातूच्या लांबीत पडणारा फरक आपोआप भरून काढणारे दंड कोल्बीने या मोजणीसाठी तयार करविले होते. जॉर्ज एव्हरेस्टने आयर्लंडमधील ही पद्धती अभ्यासली आणि १८३० मध्ये भारतात परतताना तशाच दंडांचा संच सोबत आणला. कलकत्त्याची आधाररेषा त्याच साधनांनी मोजली गेली. दोन्ही देशांतील नकाशे एकाच साम्राज्याच्या कारखान्यातून निघाले, हे या दंडांवरून स्पष्ट होते.

नकाशावर नाव छापावयाचे तर त्याचे एक लेखन ठरवावे लागते. यासाठी प्रत्येक पॅरिशच्या 'नाववह्या' तयार करण्यात आल्या. वहीत प्रत्येक टाउनलँडसमोर उपलब्ध असलेली निरनिराळी लेखी रूपे, त्या रूपांचे आधार, स्थान व वर्णन यांची नोंद होई. १८३० मध्ये या कामावर जॉन ओ'डॉनोव्हन (१८०६-१८६१) याची नेमणूक झाली. किल्केनी काउंटीतील शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा विद्वान पुढे 'अ‍ॅनल्स ऑफ द फोर मास्टर्स' या महत्त्वाच्या बखरीचा संपादक म्हणून प्रसिद्धीस आला. सर्वेक्षणाच्या आरंभकाळात नावांचा निर्णय प्रामुख्याने डब्लिनमध्ये, कागदपत्रांच्या आधारे होत असे. १८३४ पासून ओ'डॉनोव्हन स्वतः काउंटीकाउंटीतून हिंडू लागला, वृद्ध आयरिश भाषकांच्या तोंडून नावे ऐकू लागला आणि कार्यालयास सविस्तर पत्रे लिहू लागला. त्याचे धोरण असे होते : प्रचलित इंग्रजी लेखनांपैकी जे रूप मूळ आयरिश रूपाच्या अधिकात अधिक जवळ जाते ते स्वीकारावे.

या धोरणाचे दोन परिणाम झाले, आणि ते परस्परविरोधी आहेत. एकीकडे, ज्या काळात आयरिश भाषा झपाट्याने मागे हटत होती त्या काळात हजारो नावांची मूळ रूपे आणि अर्थ नोंदले गेले. ती नोंद झाली नसती तर आज अनेक नावांची व्युत्पत्ती सांगणे अशक्य झाले असते. दुसरीकडे, छापील नकाशावर आले ते केवळ आंग्लीकृत रूप. आयरिश रूप नाववहीच्या हस्तलिखित पानावर राहिले. ज्ञान जतन झाले, परंतु कार्यालयाच्या कपाटात. लोकांच्या हाती आला तो अर्थहीन झालेल्या अक्षरांचा प्रमाण साचा. सर्वेक्षणाने नावे पुसली असे म्हणणे जसे चूक आहे, तसे त्याने ती वाचवली असे निरपवादपणे म्हणणेही चूक आहे.

५. नाटक आणि इतिहास

या सर्वेक्षणाविषयीची आजची सर्वसाधारण समजूत इतिहासग्रंथांपेक्षा एका नाटकाने घडवली आहे. ब्रायन फ्रीलचे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक २३ सप्टेंबर १९८० रोजी डेरीच्या गिल्डहॉलमध्ये प्रथम सादर झाले. १८३३ मधील डॉनेगल काउंटीतील बाल्य बेग या काल्पनिक खेड्यात ते घडते. इंग्रज अधिकारी आणि त्याचा आयरिश साहाय्यक एकेक स्थलनाम घेऊन त्याला इंग्रजी रूप देतात. 'नदीचे मुख' अशा अर्थाचे आयरिश नाव 'बर्नफूट' होते. नामांतराच्या या दृश्यात एका संस्कृतीचे विस्थापन प्रेक्षकासमोर घडते.

नाट्य म्हणून हे दृश्य अत्यंत प्रभावी आहे. परंतु सर्वेक्षणाचा इतिहासकार जे. एच. अँड्र्यूज, ज्याच्या 'अ पेपर लँडस्केप' (१९७५) या ग्रंथाचा फ्रीलने उपयोग केला होता, त्याने नाटक आणि वस्तुस्थिती यांतील अंतर दाखवून दिले. सर्वेक्षणाचे सैनिक संगिनी घेऊन गावे उद्ध्वस्त करीत फिरत नव्हते. नावांचे सरसकट भाषांतर झाले नाही. बहुसंख्य नावांची आंग्लीकृत रूपे आधीच रूढ होती. 'ब्रोअख' हेच त्याचे प्रमाण आहे. भाषांतर झाले असते तर नकाशावर 'काठ' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला असता. प्रत्यक्षात आला तो आयरिश ध्वनीच, इंग्रजी अक्षरांच्या वेषात. १९८३ मध्ये 'द क्रेन बॅग' या नियतकालिकात फ्रील आणि अँड्र्यूज यांचा या विषयावरील संवाद प्रसिद्ध झाला. ललितकृती आणि इतिहास यांच्या दाव्यांतील फरक स्पष्ट करणारा हा दस्तऐवज अभ्यासकांनी अवश्य पाहावा.

तथापि या आक्षेपांनी नाटकाचे सत्य संपुष्टात येत नाही. दोनशे वर्षांची संथ प्रक्रिया एका उन्हाळ्यात आणि एका टेबलाभोवती घडवून दाखवणे हा नाट्याचा धर्म आहे. चूक होते ती नाटक वाचून इतिहास सांगणाऱ्या अभ्यासकाची. संथ झीज आणि घाव यांचा परिणाम सारखा दिसला तरी त्यांची कारणे वेगळी असतात, आणि कारणमीमांसा हे संशोधनाचे काम आहे.

६. कविता : ध्वनीची साक्ष

आयरिश परंपरेत स्थलनामांची कथा सांगणाऱ्या स्वतंत्र वाङ्मयप्रकारास 'दिनशॅनखस' असे म्हणतात. स्थळ कोणत्या घटनेमुळे, कोणाच्या मृत्यूमुळे किंवा पराक्रमामुळे त्या नावाने ओळखले जाऊ लागले, हे गद्यपद्यात सांगणारी ही रचना बाराव्या शतकातील 'बुक ऑफ लिन्स्टर'सारख्या हस्तलिखितांत जतन झाली आहे. त्यातील व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर पुष्कळदा टिकत नाहीत. परंतु नाव म्हणजे स्मृतीचे कोठार, ही दृष्टी त्यात आहे. हीनीने 'द सेन्स ऑफ प्लेस' (१९७७) या व्याख्यानात या परंपरेचा निर्देश करून स्थळाचे ज्ञान दोन प्रकारचे मानले : एक जगण्यातून नकळत आलेले, दुसरे विद्येतून जाणीवपूर्वक मिळवलेले. 'विंटरिंग आउट'मधील 'अ‍ॅनाहॉरिश', 'तूम' आणि 'ब्रोअख' या कविता या दोन्ही ज्ञानांच्या मीलनातून निर्माण झालेल्या आहेत.

'ब्रोअख' या कवितेचे शब्दभांडार पाहिले तर वर वर्णिलेले भाषिक थर त्यात स्पष्ट दिसतात. नाव आयरिश, शेताच्या वाफ्यांसाठी आणि एल्डरच्या झाडासाठी वापरलेले शब्द स्कॉट्स, वाक्यरचना इंग्रजी. कवी कोणतीही भाषा परकी म्हणून बाजूला काढत नाही. जमिनीवर पडणारा पाऊस आणि पायाचा ठसा यांतून नावातील स्वर त्याला ऐकू येतात, आणि शेवटी तो अंत्य व्यंजनापाशी येऊन थांबतो. परक्यांना हा ध्वनी उच्चारणे अवघड जाते, असे कविता सुचवते.

हा ध्वनी नेमका कोणता? मराठी 'ख' उच्चारताना जिभेचे मूळ मृदू तालूला पूर्ण टेकते आणि अडलेली हवा स्फोटाने बाहेर पडते. येथे तो स्पर्श पूर्ण होत नाही. हवा अरुंद फटीतून घासत जाते. फारसी-अरबी शब्दांतील घर्षक 'ख़' त्याच्या निकटचा आहे. इंग्रजी लेखनात हा ध्वनी 'जी' आणि 'एच' या दोन अक्षरांच्या जोडीने दाखवला जातो. ही जोडी 'नाइट' किंवा 'थ्रू' यांसारख्या इंग्रजी शब्दांतही आहे, पण तेथे ती मूक आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तेथेही हाच घर्षक ध्वनी होता. पुढे प्रमाण इंग्रजीने तो गमावला आणि लेखनात केवळ त्याची कवचे उरली. स्कॉट्स भाषेने मात्र तो टिकवला. परिणामी, आयरिश नाव लिहिताना लेखनिकाने जी अक्षरे वापरली ती इंग्रजीच्या स्वतःच्या हरवलेल्या ध्वनीची अक्षरे होती.

कवितेचा राजकीय आशय या ध्वनिशास्त्रीय वस्तुस्थितीवर उभा आहे. १९७२ हे उत्तर आयर्लंडमधील यादवी संघर्षातील सर्वाधिक प्राणहानीचे वर्ष होते. कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन समाजांना विभागणाऱ्या खुणांची तेव्हा कमतरता नव्हती. माणसाचे नाव, शाळा, काउंटीचा उच्चार यांवरून त्याची बाजू ठरवली जात होती. 'ब्रोअख'चा अंत्य ध्वनी ही मात्र विभागणारी खूण नाही. आयरिश भाषकांचे वंशज तो उच्चारू शकतात, कारण तो त्यांच्या पूर्वजांच्या भाषेत होता. स्कॉट्स वसाहतकऱ्यांचे वंशजही तो उच्चारू शकतात, कारण तो त्यांच्याही भाषेत होता. या ध्वनीच्या कसोटीवर शेजारी एका बाजूला येतात आणि बाहेरचा माणूस दुसऱ्या बाजूला. वंश आणि धर्म यांनी न जोडलेली माणसे एका नावाच्या उच्चाराने जोडली जातात. हा आशावाद भाबडा नाही, कारण तो इच्छेवर नव्हे, तर जिभेच्या सवयीवर आधारलेला आहे. मात्र त्याची मर्यादाही ओळखावी लागेल : जो समूह उच्चाराने बनतो तो उच्चारानेच कोणाला तरी बाहेर ठेवतो.

७. पत्त्यातून लोप आणि नवे अभ्यास

१९७० च्या दशकात टाउनलँडांवर वेगळेच संकट आले, आणि ते नकाशाकारांनी आणलेले नव्हते. उत्तर आयर्लंडमध्ये टपालसंकेत लागू झाले. ग्रामीण रस्त्यांना नावे व घरांना क्रमांक देण्यात आले. पत्त्यात टाउनलँडचे नाव लिहिण्याची गरज उरली नाही. सत्ता, वसाहत आणि भाषाबदल यांतून जी नावे तगली ती कार्यालयीन सोयीमुळे वापरातून जाऊ लागली. विशेष म्हणजे याविरुद्धच्या चळवळीत दोन्ही समाजांतील लोक सहभागी झाले; फर्मॅनाघ काउंटीत टाउनलँडांची नावे पत्त्यांत टिकवून ठेवण्यात आली. फेडरेशन फॉर अल्स्टर लोकल स्टडीज या संस्थेने १९९१ मध्ये 'एव्हरी स्टोनी एकर हॅज अ नेम' हा टाउनलँडविषयक लेखसंग्रह प्रसिद्ध केला. खडकाळ असला तरी प्रत्येक एकराला नाव आहे, हे शीर्षकच चळवळीची भूमिका सांगते.

याच काळात अभ्यासाचीही पुनर्रचना झाली. अल्स्टर प्लेस-नेम सोसायटी १९५२ पासून कार्यरत होती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात १९८७ मध्ये स्थलनाम प्रकल्प सुरू झाला आणि १९९२ पासून त्याची ग्रंथमाला प्रसिद्ध होऊ लागली. या मालेतील पाचवा खंड, ग्रेगरी टोनर यांचा, मोयोला खोऱ्याचा असून तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणाच्या काळात जमविलेल्या पॅरिशवर्णनांचे चाळीस खंडही १९९० ते १९९८ या काळात छापून निघाले. प्रजासत्ताक आयर्लंडमध्ये १९४६ पासून स्थलनाम आयोगाने आयरिश रूपे निश्चित करण्याचे काम हाती घेतले. उत्तर आयर्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने आयरिश भाषेस अधिकृत मान्यता मिळाली. ओ'डॉनोव्हनच्या नाववह्यांत जे बंदिस्त होते ते अशा रीतीने पुन्हा सार्वजनिक झाले.

८. समारोप

'ब्रोअख' या नावाचा प्रवास पाहता त्याने किमान पाच भूमिका बजावल्याचे दिसते : भूमीचे वर्णन, खंडाचा घटक, जप्तीच्या यादीतील मालमत्ता, नकाशावरील प्रमाण लेखन आणि कवितेचा विषय. प्रत्येक टप्प्यावर वापरणाऱ्याचा हेतू बदलला. नाव मात्र टिकले. त्यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की व्युत्पत्ती म्हणजे नावाचा संपूर्ण अर्थ नव्हे. 'काठ' हा मूळ अर्थ शेजाऱ्यांना ठाऊक नसतानाही नाव त्यांच्यासाठी अर्थपूर्ण होते, कारण त्यात त्यांची शेते, वाटा आणि हद्दी होत्या. दुसरा असा की व्युत्पत्ती अनावश्यकही नव्हे. तिच्यावाचून हीनीची कविता केवळ नादमधुर वाटेल. नदी, वसाहत आणि दोन समाजांचा सामायिक ध्वनी हे तिच्या आशयाचे अंग आहे हे कळणार नाही.

स्थलनामाच्या अभ्यासकाने म्हणून तीन ठिकाणी जावयास हवे : दप्तरखान्यात, नदीच्या काठावर आणि त्या काठावर राहणाऱ्या माणसाजवळ. पहिल्या ठिकाणी अक्षरे मिळतात, दुसऱ्या ठिकाणी अर्थ. उच्चार मात्र तिसऱ्याच ठिकाणी मिळतो, आणि नोंदला न गेल्यास तो माणसाबरोबर जातो.